वरकसावरचे पाणी उतरवताना

२७ जुलै २०१९ च्या सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ उल्हास नदीच्या पुरात अडकल्याची बातमी मी ठाण्यातील घरी बसून पाहत होतो, तेव्हा गावाहून थोरल्या काकांचा फोन आला. त्यांनी पुराविषयी काही विचारले नाही, आमच्या खुशालीविषयीही नाही. "तुझ्या मजग्या गेल्या रे खाली," एवढेच ते म्हणाले आणि थोडे थांबून, "शेजाऱ्याच्या भातात मुरूम गेलाय, तू ये," असे सांगून त्यांनी फोन ठेवला. मजग्या म्हणजे डोंगरउतार कापून केलेल्या, पायऱ्यांसारख्या शेताच्या सपाट पट्ट्या. कल्याणच्या पुढचे रस्ते पाण्याखाली असल्यामुळे मला गाव गाठायला आणखी दोन दिवस लागले.

आमची जमीन मुरबाड तालुक्यात, कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत, डोंगराच्या कुशीत आहे. सातबाऱ्यावर पन्नास गुंठे वरकस अशी तिची नोंद आहे. वरकस म्हणजे भाताच्या खाचरांच्या वरची, उताराची, हलकी आणि मुरमाड जमीन. आजोबांच्या काळी तिच्यावर दोन-तीन वर्षे नागली, वरी आणि खुरासणी आळीपाळीने घेत आणि मग काही वर्षे ती गवताला सोडून देत. वडील गेल्यावर ती गवतालाच राहिली. मी ठाण्यात वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात तीस वर्षे यंत्रांच्या सुट्या भागांचे आराखडे काढले आणि निवृत्तीला एक वर्ष उरले असताना, २०१८ च्या दिवाळीनंतर, या उतारावर मजग्या काढून कायमची शेती करण्याचे मनावर घेतले. कागदावर ते काम मला एखाद्या जिन्याइतके सरळ वाटले. तासाच्या दराने जेसीबी आणला, उताराला आडव्या अशा साधारण साठ मीटर लांब आणि सहा मीटर रुंद सात मजग्या तीन दिवसांत कापून घेतल्या, प्रत्येक मजगीच्या बाहेरच्या काठाला मातीचा बांध घातला आणि त्या बांधांची दोन्ही टोके डोंगराला नेऊन घट्ट मिटवली. लहानपणापासून भिंतींवर वाचलेले ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे वाक्य डोक्यात इतके बसले होते, की अडवलेले पाणी जास्त झाले तर ते कुठून जाईल, हा प्रश्न मला पडलाच नाही.

काकांना मात्र तो पडला होता. जेसीबीचे काम चालू असताना ते एकदा येऊन उभे राहिले आणि "मोरी कुठे ठेवलीस?" असे त्यांनी विचारले. बांधातून जादा पाणी काढून देण्यासाठी ठेवलेल्या वाटेला आमच्याकडे मोरी म्हणतात. मी म्हणालो की ही भाताची खाचरे नव्हेत, इथे पाणी मुरूनच जाणार आहे. त्यावर ते काही बोलले नाहीत. काका माझ्याशी वाद घालत नाहीत, आणि ही गोष्ट मला त्या वेळी त्यांची संमती वाटली होती.

दोन दिवसांनी पोहोचलो तेव्हा सगळ्यात वरच्या मजगीचा बांध मधोमध फुटलेला होता. खांड जेमतेम दोन हात रुंद होती, परंतु तिच्यातून निघालेले पाणी दुसऱ्या मजगीत जिथे पडले तिथे कमरेइतका खड्डा झाला होता, दुसऱ्या बांधाची खांड चार हातांची होती आणि तिसऱ्या मजगीचा अर्धा भाग बांधासकट खाली सरकला होता. काठावर उरलेली नागलीची रोपे मुळांनी हवेत लोंबत होती. खालच्या चार मजग्यांत उतार कमी असल्यामुळे त्या मोडल्या नाहीत, मात्र त्यांच्या बांधांवरून पाणी जिथे वाट फुटेल तिथून गेले होते. वाहून आलेला माल पाण्याने नीट निवडून टाकला होता: चौथ्या मजगीत मुठीएवढे दगड, पाचव्या-सहाव्यात जाडा मुरूम, सातव्यात वाळू, आणि शेजाऱ्याच्या खाचरात लावून पंधरा दिवसही न झालेल्या भातावर बोटभर जाडीचा तांबडा गाळ. जी माती मला माझ्या शेतात हवी होती ती सगळ्यात बारीक असल्यामुळे सगळ्यात लांब गेली होती.

शेजारी भांडले नाहीत, पण त्यांनी जे सांगितले ते स्पष्ट होते. डोंगराचे पाणी आजवर त्यांच्या खाचरात चार ठिकाणी पसरून येत असे आणि ते त्यांना हवेच होते. मी ते गोळा करून एका जागी सोडले, याला त्यांची हरकत होती. त्यांचे म्हणणे बरोबर होते. शेतजमिनीवरील पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहाला कोणी अडथळा केला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, हेही त्यांना माहीत होते आणि त्यांनी ते मला शांतपणे ऐकवले. मी चार माणसे लावून त्यांच्या खाचरातील मुरूम दोन दिवस घमेल्यांनी उचलून काढला आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी पाण्याची व्यवस्था करीन असा शब्द काकांच्या देखत दिला.

ती व्यवस्था कशी करावी हे मला काकांनी भर पावसात शिकवले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला सकाळी उठवले, स्वतः बांबूच्या कामट्यांचे जुने इरले डोक्यावर घेतले आणि मला वरच्या हद्दीपर्यंत चढवत नेले. "पाणी पडताना बघायचं," ते म्हणाले, "उन्हात सगळे बांध चांगलेच दिसतात." वर गेल्यावर लक्षात आले की आमच्या मजग्यांना जे पाणी जड जात होते त्यातील बहुतेक त्यांच्यावर पडलेले नव्हतेच; ते वरच्या चढावरून आणि त्याच्याही मागच्या वनखात्याच्या जमिनीवरून येत होते. गवतात ते दिसतही नव्हते, पायांना फक्त गार लागत होते. पुढे गुरांच्या पायवाटेशी ते एकत्र होत होते आणि त्या वाटेनेच पहिल्या मजगीच्या बरोबर मध्यावर उतरत होते. खांड तिथेच पडली होती.

परत येताना काकांनी चौथ्या मजगीच्या बांधाशी थांबून पाण्यात एक बारीकसा भोवरा दाखवला. नाण्याएवढा असेल. बांधाच्या दुसऱ्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, बोटाएवढी धार बाहेर पडत होती आणि तिचा रंग चहासारखा होता. ते मुठ्याचे, म्हणजे शेतातल्या खेकड्याचे बीळ होते. बांधातून पाझरणारे पाणी नितळ असेल तर चिंता नसते, कारण ते फक्त पाणी असते. गढूळ असेल तर त्याच्याबरोबर बांध आतून निघून जात असतो. हे सांगून काकांनी बांधाच्या आतल्या बाजूने, पाण्यात हात घालून, गवताची पेंढी आणि चिखल त्या बिळात टाचेने दाबून बसवला. बाहेरच्या बाजूने बीळ बुजवले तर पाणी आतच दाटते आणि बांध फुगून फुटतो, म्हणून ते नेहमी आतून बुजवायचे.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो, कारण आकड्यांशिवाय मला काही पटत नाही. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण शंभर लिटर पाणी होते. ठाणे जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माळशेज चढून पलीकडे नगरच्या बाजूला गेले की तो पाच-सहाशेवर येतो. पाणी अडवण्या-जिरवण्याचे वाक्य तिकडच्या जमिनीसाठी मोलाचे आहे. आमच्याकडे जुलैत पाणी कमी पडत नाही, ते अंगावर येते, आणि मुरमावरच्या वीतभर मातीत जुलैचे पाणी मार्चपर्यंत टिकवून धरण्याची ताकद नसते. मजग्यांच्या डोक्यावर, आमचा वरचा चढ आणि त्यामागचे रान मिळून, सुमारे अर्धा हेक्टर उतार आहे. तासाला शंभर मिलिमीटर या वेगाची सर आली आणि तिच्यातील साठ टक्के पाणी वाहून आले असे धरले, तर सेकंदाला ऐंशीहून अधिक लिटर पाणी पहिल्या मजगीवर येते. म्हणजे दोनशे लिटरचे पिंप अडीच सेकंदांत भरावे. अशी सर दहा-पंधरा मिनिटेच टिकते, पण मोरी नसलेला बांध फुटायला तेवढा वेळ पुरतो.

मग कामाचा क्रम उलटा झाला. मी आधी मजग्या केल्या होत्या आणि पाण्याचा विचार ठेवलाच नव्हता; आता आधी पाणी जिथे जाऊन पडणार ती जागा, नंतर तिथपर्यंतची वाट, आणि मजग्या सर्वांत शेवटी, असे ठरले. जमिनीच्या पश्चिम हद्दीवर एक जुना ओहोळ आहे, जो शेजाऱ्यांच्या खाचरांना बगल देऊन खालच्या नाल्याला मिळतो. वरचे सगळे पाणी या ओहोळात नेऊन सोडायचे, असा बेत मी शेजाऱ्यांना प्रत्यक्ष जागेवर नेऊन समजावला. भाताला लागणारे पाणी खालच्या मजग्यांच्या मोऱ्यांमधून पूर्वीसारखे पसरून त्यांच्याकडे येत राहील, या अटीवर त्यांनी होकार दिला.

ओहोळाचा तळ उघडा मुरमाचा होता आणि तो दर वर्षी खोल जात होता. त्यात एकदम जास्त पाणी सोडले असते तर काही वर्षांत त्याची घळ होऊन तिने आमचा आणि शेजाऱ्यांचाही काठ खाल्ला असता. म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये पहिले काम ओहोळात अनघड दगडांचे बांध घालण्याचे केले. यासाठी जवळच्या ठाकरवाडीतील एक मामा आले, ज्यांनी आयुष्यभर गडगे रचण्याचेच काम केले आहे. दोन बांधांमध्ये अंतर किती ठेवायचे याचा नियम सोपा आहे: खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पायथा एका पातळीत आला पाहिजे. ओहोळाला वीस टक्के उतार आणि बांध साठ सेंटिमीटर उंच, म्हणजे दर तीन मीटरला एक, असे आमचे तेरा बांध झाले. मामांनी माझा हिशेब ऐकून घेतला आणि वरच्या बांधाच्या पायाशी बसून, डोळा जमिनीला लावून, काठीने खालची जागा दाखवली. माझ्या फितीपेक्षा ती चार बोटेही चुकली नव्हती.

मामांच्या रचण्याकडे मी आठवडाभर नुसता पाहत बसलो. ओहोळाच्या तळात आणि दोन्ही काठांत हातभर खोल खाच घेतल्याशिवाय ते पहिला दगड ठेवत नसत, कारण पाणी बांधाला धडकून मोडत नाही, ते बांधाच्या कडेने काठ पोखरून जाते. दगडाची लांब बाजू ते बांधाच्या आत घालत. बाहेरून छान दिसावा म्हणून लांब बाजू तोंडाला लावलेला दगड पहिल्याच पुरात निसटतो. बांधाचा मधला भाग ते मुद्दाम दोन्ही कडांपेक्षा वीतभर खाली ठेवत, म्हणजे पाणी मधूनच उतरेल, आणि जिथे ते उतरणार तिथे खाली चपटे दगड अंथरत. मी एकदा सांध्यांत सिमेंट भरू का, असे विचारले. "भाऊ, मग ती भिंत झाली," ते म्हणाले, "भिंतीला पाणी ढकलतं. याच्यातून ते निथळून जाईल." खरोखरच पहिल्या पावसाळ्यात या बांधांच्या मागे गाळ साचला, दुसऱ्या पावसाळ्यात त्या गाळात गवत उगवले आणि ओहोळाच्या तळाला पायऱ्या आल्या.

वरचे पाणी ओहोळात आणणारा वळणचर आम्ही जानेवारीत खणला. उतार मोजल्यावर असे दिसले की सगळ्यात वरच्या वीस गुंठ्यांना अडतीस टक्के उतार आहे, मधल्या भागाला वीस आणि खालच्या भागाला बारा. साधारण तेहतीस टक्क्यांच्या वरच्या उतारावर मजगी घेत नाहीत, तो गवताला आणि झाडांना सोडतात. त्यामुळे वरचा चढ तसाच ठेवून त्याच्या पायथ्याशी, पहिल्या मजगीच्या वर, सत्तर मीटरांचा चर आखला. तो अगदी समपातळीत ठेवला तर पाणी त्यातच उभे राहून खालच्या मजग्यांत झिरपत राहील, आणि जास्त उतरता ठेवला तर चरच झिजून घळ होईल, म्हणून दहा मीटरला पाच सेंटिमीटर, म्हणजे सत्तर मीटरांत पस्तीस सेंटिमीटर एवढाच उतार दिला. तळ तीस सेंटिमीटर, तोंड नव्वद, खोली तीस. मी काढलेल्या ऐंशी लिटरच्या हिशेबाला हे माप पुरून उरत होते.

हा उतार आखताना आमचा एक दिवस फुकट गेला. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांच्या पट्ट्यांवर पातळी वाचायची, हे जलसंधारणाच्या कामांवर सगळीकडे वापरले जाणारे साधन आहे. तिथे त्याला हायड्रोमार्कर म्हणतात. दुपारपर्यंत चाळीस मीटर रेषा चुन्याने आखून झाली आणि मग लक्षात आले की ती मध्येच चढत आहे. नळीच्या एका वळणात करंगळीच्या पेराएवढा हवेचा बुडबुडा राहिला होता. नळी काढून, पाणी ओतून, ती उन्हात पुन्हा हळूहळू भरून घेतली आणि सगळी रेषा पुसून नव्याने आखली. तेव्हापासून दर दहा मीटरला दोन्ही टोके शेजारी-शेजारी धरून पाणी एका पातळीत येते की नाही हे मी पाहतो. चराची निघालेली माती खालच्या बाजूला बांध म्हणून घातली आणि दर वीतभर थराला धुमसाने चोपली. मातीचा ढीग आणि मातीचा बांध यांत फरक फक्त या चोपणीचा असतो, आणि जेसीबीच्या कामात नेमकी तीच राहून गेली होती.

मार्च २०२० मध्ये मजग्यांना हात घालायचा तर टाळेबंदी लागली आणि मी ठाण्यात अडकलो. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले त्या दिवशी खिडकीबाहेरचा पाऊस पाहताना मला फक्त आमच्या फुटलेल्या मजग्या दिसत होत्या. त्या वर्षीचा पावसाळा संपेपर्यंत काकाच फोनवरून हकिगत सांगत राहिले, आणि ती ऐकून मी चकित होत गेलो, कारण खांडी तशाच उघड्या असूनही त्या वाढल्या नाहीत. शेजाऱ्यांच्या खाचरात मुरूम आला नाही. चर आणि ओहोळ या दोनच गोष्टींनी तीन चतुर्थांश काम केले होते. टाळेबंदी नसती तर मी सगळे एकाच वर्षी केले असते आणि कशाने काय साधले ते मला कधी कळले नसते.

मजग्यांचे काम त्यानंतरच्या हिवाळ्यात, कुदळ-फावड्यांनी केले. आधीच्या कामातील दुसरी चूक मला आता कळली होती. वीस टक्के उतारावर सहा मीटर रुंद मजगी घेतली की दोन मजग्यांच्या पातळीत सव्वा मीटरहून जास्त फरक पडतो आणि डोंगराकडची बाजू त्याच्या निम्मी, म्हणजे साठ-सत्तर सेंटिमीटर कापावी लागते. आमच्याकडे माती आहे पंचवीस सेंटिमीटर. म्हणजे मजगीच्या आतल्या अर्ध्या भागात नुसता मुरूम उघडा पडला होता आणि सगळी चांगली माती बाहेरच्या भरावात गाडली गेली होती. नागली आतल्या बाजूला वीतभर आणि बाहेर कंबरेएवढी का वाढत होती, याचे उत्तर हेच होते. म्हणून वरच्या तीन मजग्यांच्या जागी तीन-तीन मीटर रुंदीच्या सहा अरुंद मजग्या केल्या. प्रत्येक ठिकाणी आधी वरची माती काढून बाजूला ढीग घातला, मग मुरूम कापून-भरून पातळी केली आणि शेवटी ती माती सगळीकडे सारखी पसरली. वेळ दुप्पट लागला. एवढ्या अरुंद मजगीवर यंत्र चालत नाही हे खरे, पण बैलाचा नांगर चालतो, आणि मला घाई नव्हती.

नव्या मजगीचा उतार बाहेर नसून आत, डोंगराकडे आहे. कोरड्या मुलखात मजगी सपाट किंवा किंचित बाहेर उतरती ठेवली तरी चालते. जास्त पावसाच्या प्रदेशात ती आत उतरती ठेवतात, म्हणजे पाणी भरावाच्या काठाकडे न जाता कापलेल्या, टणक बाजूला येते. तिथे, वरच्या मजगीच्या पायाशी, एक वीतभर खोल चारी काढली आणि ती लांबीने ओहोळाच्या दिशेने उतरती ठेवली. चारीच्या तोंडाशी दोन फूट लांब, रुंद आणि खोल असा गाळखड्डा आहे, ज्यात पाणी क्षणभर थांबून माती खाली टाकते आणि मग दगडी मोरीतून ओहोळात पडते. मोरीखाली मी प्रथम नुसता मुरूम चोपला होता. एका सरीत तिथे घागरीएवढा खड्डा पडला, तेव्हा मामांनी तिथे एक मोठा चपटा दगड थोडा मागे कलता बसवला, आणि त्यावर पडलेले पाणी उसळून विखुरते.

खालच्या चार मजग्या भाताला ठेवल्या आहेत. तिथे पाणी उभे राहायला हवे, त्यामुळे त्यांना आतली चारी नाही. पण प्रत्येकीला मोरी आहे, आणि एकीची मोरी डाव्या टोकाला तर तिच्या खालचीची उजव्या, अशी नागमोडी वाट ठेवल्यामुळे पाणी सगळे शेत फिरून मगच खाली उतरते. वरच्या सहांत मात्र भात लावण्याचा मोह मी टाळला. तिथे नागली, वरी आणि बांधाकडेने तूर असते. उभ्या उतारावरील ताज्या भरावावर टीचभर पाणी साठवून ठेवणे म्हणजे त्याच्या खांद्यावर ओझे देण्यासारखे आहे.

बांधांच्या तोंडाला काय लावावे यावर मी बरेच प्रयोग केले आणि त्यांतले निम्मे फसले. गिरिपुष्पाच्या फांद्या लावल्या, त्या छान फुटल्या आणि त्यांचा पाला खत म्हणून मिळाला, पण बांधाच्या अगदी माथ्यावर लावलेल्या दोन झाडांना वाऱ्याने हलवून भेगा पाडल्या, म्हणून आता ती पायथ्याशीच लावतो. पवना गवत शेळ्यांनी मुळापर्यंत खाल्ले. शेवटी टिकला तो वाळा. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात, त्यामुळे तो पिकाची जागा खात नाही, आणि दाट लावला की त्याच्या बुंध्यांतून पाणी गाळून पलीकडे जाते. वीत-वीत अंतरावर लावावा हे मला माहीत होते. मी रोपे वाचवण्यासाठी हात-हात अंतर ठेवले आणि मधल्या फटींतून ओघळ पाडून घेतले. पुढच्या वर्षी त्या फटी भरल्या.

खेकड्यांवर मात्र कायमचा उपाय नाही. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की वाडीतील पोरे बत्त्या घेऊन मुठे धरायला येतात. पूर्वी मी पिकातून चालतात म्हणून त्यांना हटकत असे, आता स्वतः बोलावतो. तरणा, म्हणजे पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस सुरू झाला की रोज सकाळी काका, आणि शनिवार-रविवारी मी, हातात काठी घेऊन सगळे बांध चालून येतो: भोवरा दिसतो का, खाली गढूळ धार आहे का, मोरीत पाला अडकला आहे का. एकदा नागलीच्या पेंढ्याचा एक गठ्ठा मोरीत बसून तासाभरात बांध काठोकाठ भरला होता. एवढ्या खटपटीनंतर पेंढ्याने सगळे घालवले असते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना २०१४ चे माळीण आठवले. माळीणनंतर उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणावर खूप चर्चा झाली होती आणि मी तरीही चार वर्षांनी जेसीबी आणला होता, हे काकूंनी त्या दिवशी मला ऐकवले. आमचे पाच-पंचवीस गुंठे आणि डोंगराचा कडा कोसळणे यांत फार अंतर आहे, पण भेगेत पाणी शिरून माती जड होणे हे दोन्हींकडे सारखेच असते. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या मजग्या आणि वरचा चर भेगांसाठी तपासला. जुन्या तिसऱ्या मजगीच्या भरावात, जिथे २०१९ साली जमीन सरकली होती, तिथे बांधाला समांतर अशी बोट जाईल एवढी, दहा-बारा पावले लांब भेग सापडली. ती चिकणमातीने भरून वर चोपली, तिच्या वरच्या बाजूचे पाणी वळवले आणि दोन टोकांना खुंट्या ठोकून त्यांच्यातील अंतर लिहून ठेवले. दिवाळीपर्यंत ते वाढले नाही.

गाळखड्डे मी दर वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस उपसतो आणि निघालेली घमेली मोजतो. २०२१ मध्ये सहा खड्ड्यांतून मिळून एकशे बेचाळीस घमेली निघाली, त्यानंतरच्या वर्षी शहाण्णव आणि गेल्या सप्टेंबरमध्ये एकतीस. ती माती पुन्हा त्याच मजगीच्या आतल्या, मुरमाड बाजूला टाकतो. पैशांचा हिशेब मांडला तर नागलीच्या उत्पन्नातून हे काम कधी फिटणार नाही, आणि ते मी घरी मान्य केले आहे.

सध्या प्रश्न आहे तो पाचव्या मजगीचा. पुष्य नक्षत्रापासून तिच्या मागच्या कापलेल्या भिंतीतून, गुडघ्याच्या उंचीवर, नितळ पाणी पाझरू लागते आणि पाऊस उघडला तरी महिनाभर थांबत नाही. चारी ते वाहून नेते, पण तेवढा पट्टा सतत ओला राहून नागली पिवळी पडते. मामांचे म्हणणे आहे की भिंतीला टेकून दगडांची थप्पी लावावी, मागे खडी भरावी आणि पाण्याला बाहेर पडायला भोके ठेवावीत. काका म्हणतात की तिथे नागली लावूच नये, अळू लावावे. येत्या मे महिन्यात अर्ध्या लांबीत मामांची थप्पी घालणार आहे आणि उरलेल्या अर्ध्यात काकांचा अळू. गड्डे काकूंनी आतापासूनच राखून ठेवले आहेत.